न दुखणाऱ्या मणक्यासाठी परदेशवारी नको

परदेशी जातोच आहोत, तर हाडांची एकदा सगळी तपासणी तिथेच उरकून घेऊ, हा विचार सुखवस्तू मराठी घरांत रुजू लागला आहे. मुलगी म्युनिकला, मुलगा सिंगापूरला, आईवडील साठीच्या आसपास. तिकीट काढलेलेच असते, मग सोल, बँकॉक, म्युनिक किंवा झ्युरिकमधले एखादे पॅकेज जोडून घेतले जाते. मानेपासून कमरेपर्यंत मणक्याचा एमआरआय, गुडघ्यांचा आणि खांद्यांचा एमआरआय, उभे करून काढलेला पूर्ण शरीराचा एक्स-रे, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, चालण्याचे संगणकीय विश्लेषण, रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, युरिक ॲसिड आणि शेवटी तज्ज्ञाशी भेट. एक-दोन दिवसांत सगळे आटोपते आणि हातात जाडजूड अहवाल पडतो.

याच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या जातात. आजार लवकर कळला तर लवकर आटोक्यात येतो, ही पहिली. तिथली यंत्रे आणि तज्ज्ञ आपल्यापेक्षा सरस, ही दुसरी. आपल्याकडे डॉक्टर ऑपरेशन गळ्यात मारतात, तिथे तटस्थ मत मिळते, ही तिसरी. आणि प्रवास होणारच आहे, तर वेगळा खर्च तो किती, ही चौथी. या चारही गोष्टी मला मान्य नाहीत. काहीच तक्रार नसलेल्या माणसाने हाडासांध्यांच्या संपूर्ण तपासणीसाठी परदेशात पैसे मोजले, तर पैसे वाया जातात एवढेच नुकसान होत नाही. धडधाकट माणूस रुग्ण होऊन घरी परततो, हे नुकसान त्याहून मोठे आहे.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे तीनही त्याच्याच आधारावर उभे आहेत. लवकर निदान चांगले, हे रक्तदाबाबाबत खरे आहे, मधुमेहाबाबत खरे आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर फारच खरे आहे. पण ते प्रत्येक आजाराला आपोआप लागू होत नाही. निरोगी माणसांची चाचणी कधी करावी, याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच मांडले. आजार पुढे कसा वाढतो हे नीट माहीत हवे, चाचणीने आजारी आणि निरोगी यांच्यातला फरक कळायला हवा, आणि लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू केल्याने रुग्णाचा फायदा व्हायला हवा. मणक्याचा आणि गुडघ्याचा सरसकट एमआरआय या कसोट्यांवर टिकत नाही.

का टिकत नाही, ते आकड्यांतून दिसते. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के होते. गादी बाहेर फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. पुन्हा सांगतो, ही सगळी पाठ न दुखणारी माणसे होती. म्हणजे पन्नाशीच्या दहा निरोगी माणसांना एमआरआयच्या यंत्रात झोपवले, तर त्यातल्या आठांच्या अहवालात झीज लिहून येणार आहे. ती वाचून आठही जण घाबरणार आहेत.

गुडघ्याचेही तेच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ५० ते ९० वयाच्या ९९१ रहिवाशांच्या गुडघ्यांचा एमआरआय काढून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३५ टक्के लोकांच्या गुडघ्यातली कूर्चेची चकती, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली किंवा झिजून गेलेली होती. त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात ना दुखणे होते, ना आखडणे. त्याच गावात पन्नाशीपुढच्या, एक्स-रेत संधिवाताचे चिन्हही नसलेल्या ७१० जणांची तपासणी झाली. त्यांच्यातल्या ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड निघाला. जी चाचणी दर दहांतल्या नऊ माणसांना सदोष ठरवते, ती आजारी कोण आणि निरोगी कोण हे सांगत नाही. ती वय सांगते, आणि वय आपल्याला आधीच ठाऊक असते. जुन्या वाड्याच्या गिलाव्याला भेगा असतातच. कोणती भेग तुळईपर्यंत गेली आहे, हे गिलाव्याचा फोटो काढून कळत नाही. त्यासाठी भार कुठे येतो आणि हादरा कुठे बसतो, ते पाहावे लागते.

अहवालात एकदा एखादी ओळ छापून आली की तिच्यावरची कारवाई सुरू होते. कालपर्यंत सिंहगड चढणारा माणूस 'मणक्यात गॅप आहे' म्हणून वाकणे सोडतो, पट्टा बांधतो, नातवाला उचलत नाही. स्नायू सैल पडतात आणि मग पाठ खरोखरच दुखू लागते. काहींना पुढची पायरी सुचवली जाते, ती शस्त्रक्रियेची. त्या पायरीचा हिशेबही मांडून झालेला आहे. फिनलंडमध्ये झिजून फाटलेल्या मेनिस्कसच्या १४६ रुग्णांपैकी काहींची दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली, तर काहींच्या सांध्यात दुर्बिणीने फक्त पाहून शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेत ह्यूस्टनला संधिवाताच्या १८० रुग्णांवर असाच प्रयोग आधी झाला होता. २००२ मध्ये त्याचाही निकाल तोच आला. ही सगळी दुखणाऱ्या गुडघ्यांची गोष्ट आहे. दुखतच नसलेल्या गुडघ्यावर त्याच शस्त्रक्रियेने काय साधणार?

निरोगी माणसांत शोधाशोध केल्याने केवढा अनर्थ होतो, याचे ढळढळीत उदाहरण ही पॅकेजे विकणाऱ्या देशांपैकीच एकाने दिले आहे. दक्षिण कोरियाने १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग चाचणी योजना सुरू केली. तिच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी थोड्या जादा पैशांत मिळू लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरा पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे विरोध केला, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने उतरल्या. थायरॉइडचा कर्करोग हा हाडासांध्यांच्या तपासणीचा विषय नाही हे खरे, पण तक्रार नसताना बारकाईने पाहात गेले की काय होते, हे त्यातून शिकायचे आहे.

आता दुसरा मुद्दा, यंत्रांचा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथल्या बऱ्या केंद्रांतली एमआरआय यंत्रे सीमेन्स, जीई, फिलिप्स यांचीच असतात. म्युनिकमध्येही हीच नावे दिसतात. फरक पडतो तो चित्र वाचणाऱ्यात, आणि तो फरक प्रगत देशातही थोडाथोडका नसतो. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका पाठदुखीच्या रुग्ण महिलेचा एमआरआय तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढण्यात आला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळी निरीक्षणे आली. त्यांतले एकही दहाच्या दहा अहवालांत सापडले नाही. एकच पाठ, एकच महिना, आणि दहा केंद्रांची दहा मते. परदेशातला अहवाल अंतिम सत्य आहे असे मानणाऱ्यांनी हा अभ्यास विसरू नये.

हाडाच्या डॉक्टराचे मुख्य काम चित्र पाहण्याच्या आधी होते. कुठे दुखते, किती दिवस, सकाळी उठल्यावर जास्त की चालून आल्यावर, ठणकते की चमक मारते, मुंग्या कुठपर्यंत उतरतात, खोकल्यावर कळ वाढते का, रात्री झोपमोड होते का, हे तो विचारतो. मग तो हाताने सांधा फिरवतो, पाय उचलून बघतो, अंगठ्याची ताकद आणि टाचेवरची चाल तपासतो. या प्रश्नोत्तरांतून निदान बहुतेक ठरलेले असते, एमआरआय ते पक्के करतो किंवा खोडून काढतो. अर्ध्या तासाच्या भेटीत दुभाष्यामार्फत कोल्हापूरच्या काकूंनी सोलच्या तज्ज्ञाला हे सगळे कसे सांगावे? आणि त्यांची काही तक्रारच नसेल, तर त्यांनी सांगावे तरी काय?

शिवाय हाडांचे आजार त्या त्या मातीचे असतात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणून आपल्याकडे सतत दुखणारी पाठ, संध्याकाळची कणकण आणि घटते वजन दिसले, की अनुभवी डॉक्टरच्या मनात मणक्याचा टीबी आधी येतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्या पाण्याने हाडे दाट पण ठिसूळ होतात आणि डेक्साचा आकडा फसवा दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे तरुण वयात खुब्याचे हाड मरते. करोनाच्या काळात स्टेरॉइड घेतलेल्यांतही खुब्याचे असे रुग्ण इथल्या डॉक्टरांनी पाहिले. आपली माणसे मांडी घालून जेवतात, उकिडवी बसतात, देवळात जमिनीवर तासभर बसतात. गुडघ्याने त्यांना काय करू द्यायला हवे, हे झ्युरिकच्या मोजपट्टीवर लिहिलेले नसते. इथला डॉक्टर हे सगळे रोज बघतो. याबाबत तो परदेशी तज्ज्ञाच्या पुढे आहे, मागे नाही.

डेक्साबद्दल आणखी एक गोष्ट आहे. हाडांची घनता एकदा मोजून भागत नाही. काही वर्षांनी पुन्हा मोजून घट किती झाली ते पाहायचे असते, आणि ती तुलना शक्यतो त्याच यंत्रावर करायची असते, कारण वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे सरळ ताडून बघता येत नाहीत. बँकॉकला काढलेल्या पहिल्या आकड्याची पुण्यातल्या दुसऱ्या आकड्याशी नीट तुलना होत नाही. मग पहिल्यावर खर्च केलेले पैसे गेलेच.

तिसरा मुद्दा विश्वासाचा. तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आपल्याकडे तपासणीच्या चिठ्ठीमागे कमिशन असते, नको असलेले ऑपरेशन सुचवले जाते, ही तक्रार खोटी नाही. ज्याचे हात पोळले आहेत, त्याने बाहेर पाहावे हे साहजिक आहे. पण बाहेर काय आहे, तेही पाहिले पाहिजे. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये कायदा बदलून रुग्णालयांना परदेशी रुग्ण मिळवण्याची मुभा दिली. रुग्ण आणून देणाऱ्या संस्थांची तिथे रीतसर नोंदणी होते. पॅकेज विकणारा विभाग हा त्या रुग्णालयाचा व्यवसाय आहे. जो चाचण्या विकतो तोच त्यांचा अर्थ सांगतो आणि पुढची चाचणीही तोच सुचवतो. याला तटस्थता म्हणता येणार नाही.

तटस्थ मत हवे असेल, तर ते आपल्या शहरात मिळते. ज्याने ऑपरेशन सुचवले त्याच्याकडे न जाता, त्याच्याशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावे. शस्त्रक्रिया न करणाऱ्या पुनर्वसनतज्ज्ञाचे किंवा फिजिओथेरपिस्टचे मत घ्यावे. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात ऑपरेशनच्या संख्येवर कोणाचा पगार ठरत नाही. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून चालणारी भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. आणि व्यवस्था सुधारायची असेल, तर ती इथेच भांडून सुधारते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, तीही करांशिवायची. विमानाने निघून गेलेल्या माणसाने हे घडवले नाही.

पॅकेज विकणारे देश स्वतःच्या नागरिकांना काय देतात, हेही विचारले पाहिजे. जर्मनीत सरकारी आरोग्यविम्यातून पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी तपासणी होते. तिच्यात मुख्यतः विचारपूस, अंगतपासणी, रक्तातली चरबी आणि साखर, लघवी यांची तपासणी असते. मणक्याचा एमआरआय नसतो. कारण नसताना एक्स-रे काढायला तिथला किरणोत्सर्ग संरक्षणाचा कायदा हरकत घेतो, प्रत्येक वेळी डॉक्टरला वैद्यकीय कारण द्यावे लागते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१२ मध्ये आपल्याच सदस्यांना बजावले की धोक्याची लक्षणे नसतील, तर पाठदुखीच्या पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआय काढू नका. दुखणाऱ्या पाठीसाठी जे नको म्हणतात, ते न दुखणाऱ्या पाठीसाठी पाहुण्यांना विकले जाते.

उरला चौथा मुद्दा, वेगळा खर्च फारसा नाही हा. खर्च पॅकेजच्या बिलावर संपत नाही. संधिवाताचा आणि पाठदुखीचा खरा उपचार अनेक आठवड्यांच्या व्यायामाने होतो. कोणीतरी शिकवायचे, चुकलेले सुधारायचे, वजन पाहायचे, महिन्याने पुन्हा तपासायचे. हे काम अहवाल देऊन निरोप घेणारा तज्ज्ञ करू शकत नाही. शंका आली तर मायदेशी पुन्हा चाचण्या होतात, आणि बहुतेकदा पहिल्यापासून होतात. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी परदेशातल्या अशा तपासणीचे पैसे देत नाहीत. उलट अहवालात नोंदलेला 'बिघाड' नव्या पॉलिसीच्या अर्जात जाहीर करावा लागू शकतो. आणि तिथेच ऑपरेशनचा मोह झाला, तर लांबच्या विमानप्रवासात पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका खुबा-गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वाढलेला असतो, हे विसरता येत नाही.

परदेशी कधीच जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. हाडाची दुर्मीळ गाठ, पुन्हापुन्हा फसलेला सांधेबदल, मुलाच्या मणक्याचे गुंतागुंतीचे वाकडेपण, व्यावसायिक खेळाडूची दुखापत, अशा वेळी जगात ज्याचा हात सर्वांत सराईत आहे, त्याला विचारणे योग्यच. तेव्हाही आधी स्कॅनची डिजिटल प्रत आणि इतिहास पाठवून मत मागवता येते, प्रवास नंतर ठरतो. आणि जे मराठी लोक परदेशातच राहतात, त्यांनी तिथल्या डॉक्टरकडे जावे, हे वेगळे सांगायला नको. माझा विरोध आहे तो तक्रार, प्रश्न आणि पुढचा बेत नसलेल्या तपासणीला.

मग पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने काय करावे? जपानच्या ऑर्थोपेडिक संघटनेने यासाठी यंत्राविना होणाऱ्या चाचण्या आखल्या आहेत, त्या जपानला न जाता घरी करता येतात. ४० सेंटिमीटर उंचीच्या, न हलणाऱ्या स्टुलावर बसा आणि हात छातीवर बांधून, हिसका न देता, एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायानेही करून पाहा. मग शक्य तेवढी लांब दोन पावले टाका आणि त्यांची एकूण लांबी आपल्या उंचीने भागा. पहिले जमत नसेल किंवा उत्तर १.३ च्या खाली आले, तर पायांची ताकद आणि तोल ढळू लागला आहे. जवळ कोणाला तरी उभे करूनच हे करा. जमले नाही तर घाबरण्याऐवजी फिजिओथेरपिस्टला गाठा.

डेक्सा सगळ्यांना नको, पण काहींना जरूर हवा. पासष्टीच्या पुढच्या स्त्रिया, पाळी लवकर थांबलेल्या स्त्रिया, साध्या पडण्याने हाड मोडलेली माणसे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, आईचे किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडलेले असेल ती माणसे, यांनी तो जवळच्या शहरात काढावा. डेक्साच्या अहवालातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर उपचार आहेत आणि ते भारतात सहज मिळतात. बाकी सगळ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पुरेशी आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आणि पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोलाचा सराव. न्हाणीघरात धरायला दांडा आणि रात्री उजेड या दोन गोष्टींमुळे कितीतरी पडझड टळते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच एक दिवसही थांबू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल लुळे पडणे, झोपमोड करणारे रात्रीचे दुखणे, सोबत ताप किंवा घटणारे वजन, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखी, वृद्धाने पडल्यावर उभे न राहणे. यांतले एक जरी दिसले, तर पुढच्या महिन्यातल्या परदेशवारीची वाट पाहू नका, आजच जवळच्या रुग्णालयात जा. अशा वेळी तपासणी लागतेच, आणि त्याच दिवशी लागते.

परदेशातल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. आईवडिलांच्या हाडांची काळजी असेल, तर पॅकेजसाठी बाजूला काढलेले पैसे त्यांच्या गावातल्या चांगल्या फिजिओथेरपिस्टवर वर्षभर खर्च करा. सुट्टीत घरी याल तेव्हा त्यांच्यासोबत त्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसा, प्रश्न विचारा, गोळ्यांची यादी नीट पाहा. आणि त्यांना तुमच्याकडे बोलवाल, तेव्हा रुग्णालयाच्या गाउनमध्ये झोपवू नका. त्यांना भरपूर चालवा.